नाक बसल्याचा चहा: पैठणहून चिकलठाण्याला

वेरूळ-अजिंठ्याची माहिती पाहिजे असेल तर दुसरीकडं वाचा. मी संभाजीनगरला गेले ती धाकट्या भावाला, दत्तूला, कारखान्यातून उठवून घरी आणायला. त्याची पोरगी पल्लवी तिथंच शिकते. तिचा फोन आला, "आत्या, पप्पांना एक तारखेपासून मोठ्या टाकीवर कायमचं घालतायत. माझं ऐकत नाहीत. तुम्ही या."

माझंही कोणी ऐकत नाही. पण मी गप बसत नाही, हे पोरीला माहीत आहे.

दत्तूचा कारखाना चिकलठाण्याला. दाणे काढलेली मक्याची कणसं आम्ल घालून वाफेवर शिजवतात, त्यातून तेलासारखं पाणी निघतं. त्याला फरफुरल म्हणतात. ताजं असताना बिनरंगी, ठेवलं की कोऱ्या चहासारखं होतं. वास बदामाचा. पहिल्यांदा वास घेतला तेव्हा मला वाटलं, कुणी शिरा करतंय. दहा मिनिटांत डोळे चुरचुरले आणि डोकं धरलं. असला शिरा.

गुरुवारी पहाटे उठून धपाटे केले, दह्याचा डबा भरला आणि पैठणच्या स्टँडवर गेले. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहे, लाजू नका, मागून घ्या. उजवीकडं बसू नका, सकाळचं ऊन सगळं त्याच बाजूला येतं. रस्ता कुठं गुळगुळीत, कुठं खोदलेला. दीड तास धरा, बस मधे बंद पडली तर देव धरा. स्टँडच्या बाहेर रिक्षावाल्यानं हाक मारली, "आपा, चिकलठाना? बैठो, दो सवारी आई की निकलते." दोन नाही, चार भरल्या तेव्हा हलला. मी म्हणाले, "अरे, पाचवा टपावर बसव." तो म्हणाला, "हौ, पुलिस नहीं रही तो बिठाता."

निघाल्यावर आठवलं, मला आधी पल्लवीकडं जायचं होतं, म्हणून त्या रिक्षातून उतरून दुसरी केली. (गुरुवार असला तर छावणीचा बाजार बघा. भांडी, भाजी, जुने कपडे, सगळं मिळतं. मी जाताना नुसतं बघितलं.) पल्लवीची प्रयोगशाळा डोंगराच्या बाजूला आहे. चप्पल बाहेर काढायला लावली, देवळासारखी.

पोरीनं दोन काचेच्या बाटल्या दाखवल्या. दोन्हींत यीस्ट होतं. पाव फुगवतात ना, तेच. उसाच्या चिपाडापासून इथेनॉल, म्हणजे गाडीत घालायचं दारूचं इंधन करायचं तर हेच यीस्ट लागतं, आणि चिपाड शिजवलं की त्यात फरफुरल तयार होतं. ते यीस्टला मारतं. एका बाटलीतलं पाणी स्वच्छ होतं, म्हणजे आत सगळे मेलेले. दुसरी ताकासारखी गढूळ.

"ही जगली कशी?" मी विचारलं.

"सवय लावली, आत्या. आधी थेंबभर दिलं. जे जगलं ते पुढच्या बाटलीत, जरा जास्त देऊन. असं सात महिने."

"अन् मेलेलं?"

"सांडून देतो."

मी म्हणाले, "हे तर तुझ्या बापाच्या कारखान्यासारखंच झालं."

ती हसली नाही. म्हणाली, "तसं नाही. हे बघा, फरफुरल घातलं की यीस्ट आधी अर्धा दिवस वाढतच नाही. थांबतं. त्या वेळात ते फरफुरलचं दुसरं काहीतरी करून टाकतं, कमी विषारी. मग वाढायला लागतं. ते विष सहन करत नाही, विष बदलतं."

"अन् माणूस?"

"माणसाचं शरीरही थोडं बदलून लघवीतून टाकतं. पण डोळे, नाक, जीभ, कातडी, त्यांना काही बदलता येत नाही. तिथं ते नुसतं लागत राहतं."

चौथीनंतर मी शाळा बघितली नाही, पण एवढं मला कळलं. तुम्हालाही कळेल.

संध्याकाळी दोघी दत्तूच्या खोलीवर गेलो. पहिली पाळी संपवून आलेला. हात मनगटापर्यंत पिवळट तपकिरी, साबणानं न निघणारे. मला बघून खूश झाला. "अक्का! कळवलं नाय ते?"

"कळवलं असतं तर पळाला असतास."

मी पाणी पिईपर्यंत त्यानं स्वतःच कारखान्याचं सुरू केलं. त्यांच्यात रीत आहे. नवा गडी आला की पहिले काही आठवडे खोकतो, डोळे पुसतो, जेवण टाकतो. मग एक दिवस त्याला वास यायचा बंद होतो. त्याला ते 'नाक बसलं' म्हणतात. नाक बसलं की त्या गड्यानं अख्ख्या पाळीला चहा आणि खारी द्यायची. त्या दिवसापासून तो पक्का. कुठं गळतंय ते हुंगायला नवा गडी पाठवतात, बंद करायला पक्का.

"माझं नाक अकराव्या दिवशीच बसलं व्हतं," दत्तू म्हणाला. "एवढ्या लवकर कुणाचंच नाय. म्हणून तर मोठी टाकी मला देतायत. मला काय होत नाय, अक्का."

पल्लवी म्हणाली, "पप्पा, नाक बसलं म्हणजे विष बसलं नाही."

"हिला बाटलीतलं कळतं, टाकीतलं नाय," तो मला म्हणाला.

म्हटलं आधी जेवू, मग भांडू. मी दिवसभर उपाशी होते, गुरुवारचा उपास. डबा उघडला. दत्तूनं पहिला धपाटा दह्यासंगं संपवला, दुसरा घेतला. "काय चव हाय गं अक्का तुझ्या हाताला. इकडं असलं मिळत नाय."

मी पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. अळणी. उपासाच्या दिवशी मी पीठ चाखत नाही, आणि बस गाठायच्या गडबडीत मीठ घालायचंच राहिलं होतं. पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. तिच्याही तोंडात तोच घास होता. दत्तू तिसऱ्याला हात घालत होता.

दुसरी कुणी असती तर गप राहिली असती. मी म्हणाले, "दत्त्या, यात मीठ नाय."

"हाय की."

"मिठाचा कणही नाय."

त्यानं धपाट्याकडं बघितलं. उठून मिठाची बरणी आणली, चिमूटभर जिभेवर टाकलं. "लागतंय," म्हणाला. दुसरी चिमूट टाकली. मग तिसरी. जीभ टाळ्याला लावून लावून बघत होता, वाट चुकलेला माणूस दार ठोठावतो तसा. पल्लवी उठून ताटं घासायला लागली, जेवणं झाली नव्हती तरी.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"तिखट कळतं," एवढंच बोलला.

शुक्रवारी त्याला ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, त्या वाफेतून बाहेर पडलात तर चव येऊ शकते, येईलच असं लिहून देत नाही. आत राहिलात तर मला विचारू नका. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "चुलत्याच्या गिरणीवर माणूस पाहिजे. चल. पीठ नाकात गेलं तर शिंक येते, बास."

त्यानं डॉक्टरची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "गावात मी कोण, अक्का? हितं टाकी गळली की मोठा सायबसुद्धा विचारतो, दत्तू कुठंय. गिरणीवर कोण विचारणार?"

  सकाळची पाळी बदलून घेतली होती, तो दुपारच्या पाळीला गेला. पल्लवी मला स्टँडवर सोडायला आली. म्हणाली, "आत्या, माझं यीस्ट उद्या पुढच्या बाटलीत टाकायचंय." मी तिला म्हणाले, "टाक. निदान कुणीतरी मोजून देतंय त्याला."

शहरात जाणाऱ्यांसाठी सांगते: शहागंजला नान-खलिया खा, मकबरा बाहेरून बघितला तरी चालतो, आणि परतीची बस अंधार पडायच्या आधीची धरा. मी यातलं शेवटचंच केलं.

घरी आल्यापासून पीठ चाखूनच मळते. गुरुवार असो नाहीतर एकादशी, देवानं काय ते बघून घ्यावं.

एक तारखेनंतर दत्तूचा फोन आला. आवाज खुशीत. "अक्का, टाकी मिळाली. आन् हाताखाली नवा गडी दिलाय. आज त्याचा चहा झाला."

"नाक बसलं त्याचं?"

"बसलं. नवव्या दिवशी. माझ्यापेक्षा लवकर."

"तू पिलास चहा?"

"पिला की."

"गोड होता का?"

तिकडून टाकीची घरघर ऐकू येत होती.

"गरम होता," दत्तू म्हणाला.