मीच आवळलेली दोरी

धाकटा भाऊ बायकोला घेऊन ऊसतोडीला निघाला, तेव्हा त्याची मोटारसायकल ट्रकवर मीच चढवली. हलू नये म्हणून हँडलच्या बुडाशी, टाकीला लागून दोरी करकचून आवळली. कारखान्यावर उतरवली तर गाडी सुरूच होईना. फोनवर मी खेकसलो, "ठिणगी पडत नसंल. प्लग काढून पूस." त्यानं तीनदा पुसला, तरी तेच. मिस्त्रीला दाखवू का म्हणाला, तर मी म्हणालो, "प्लग पुसायला मिस्त्री लागतो का बे?" मग त्यानं विचारणंच सोडलं. हंगामभर दोघं राहायच्या कोपीपासून, म्हणजे पाचटाच्या झोपडीपासून, उसाच्या फडापर्यंत पायी गेली.

उन्हाळ्यात गाडी घरी, धारूरला परत आली आणि मी टाकी काढली. नेमकी दोरी आवळली होती तिथंच, इंजिन बंद करायच्या बटणाची वायर चेपून सोलली होती आणि लोखंडाला टेकत होती. ती टेकली की ठिणगी मरते. चिकटपट्टी गुंडाळली, पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

आवाज ऐकून भाऊ पळत आला. "काय झालतं, दादा?"

"प्लग," मी म्हणालो.

त्यानं मान खाली घातली. "तू तर तवाच सांगितलतं. मलाच नीट पुसता आला न्हाई."