सुजातानं बसवून दिलेली घडी

दीपनगरहून सुजाताच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी जळगावच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका ग्राहकाशी बोलत होते. "ताई, गेली ती..." एवढंच तो बोलला.

आम्ही दोघी ठिबक सिंचनाचे व्हॉल्व उघड-बंद करणारी यंत्रं बनवायचो. विक्री मी बघायची, यंत्राच्या आतला प्रोग्राम तिचा. सुरुवातीला एकच सर्किट बोर्ड होता. पुढे कधी ही चिप मिळेना, कधी ती. चिपगणिक वेगळे बोर्ड वाढत गेले आणि कुठल्या पिनेवरून कुठला व्हॉल्व चालतो, ती सगळ्या बोर्डांची जोडणी प्रोग्रामच्या एकाच फाइलमध्ये कोंबली गेली. एकदा एरंडोलच्या बोर्डासाठी केलेल्या बदलानं भडगावच्या केळीबागेतले व्हॉल्व उघडेच राहिले, बाग पाण्यानं तुंबली. सुजाता स्वतः गेली, बागवाल्या आबांची माफी मागून आली आणि म्हणाली, हे निस्तरेपर्यंत नवं यंत्र विकायचं नाही. आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती मात्र शांत होती. "व्हॉल्व उघड, एवढंच मूळ प्रोग्रामनं सांगावं. कुठल्या पिनेवरून, ते ज्या त्या बोर्डाच्या फोल्डरमध्ये असावं."

काम अर्ध्यावर असतानाच तिचा आजार कळला. उपचार घेऊन आली की उशीला टेकून लॅपटॉप उघडायची. मी रागावले, तर म्हणाली, "बरी झाले तर उत्तमच. नाही झाले आणि नवा बोर्ड आला, तर तू कुणाला फोन करशील?"

मी तिच्या पाठीमागे आणखी एक उशी सरकवली.

ती गेल्यावर थोड्याच दिवसांत आमची नेहमीची चिप बाजारात मिळेनाशी झाली. धुळ्याला आमच्या यंत्रांची दुरुस्ती बघणाऱ्या प्रशांतभाऊंकडे दुसऱ्या चिपचा नवा बोर्ड पाठवला. त्यांनी सुजाताला कधी पाहिलंही नव्हतं. मी बाहेरचा इंजिनीअर शोधत होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला. "ताई, मूळ प्रोग्रामले हात बी नही लावा. बठ्ठं चालू शे." मूळ प्रोग्रामला हातही न लावता त्यांनी सगळं चालू केलं होतं.

सुजातानं बाकीच्या बोर्डांच्या फोल्डरांशेजारी नमुन्याचं एक रिकामं फोल्डर करून ठेवलं होतं. आत फक्त सूचना होत्या, कुठे काय भरायचं ते साध्या मराठीत. सगळ्यात वर लिहिलं होतं, "घाई नको. आधी नुसता दिवा लावून बघा." भाऊंनी तसंच केलं. बोर्डावरचा हिरवा दिवा लागला, मग व्हॉल्व उघडला.

आता नवा बोर्ड आला की आम्ही त्या फोल्डरची नक्कल करतो आणि ती भरतो. तिचं फोल्डर रिकामंच ठेवतो... पुढच्या बोर्डासाठी.