ताण या शब्दाचा अर्थ

शिरूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षी सरांनी मला उभं करून पुस्तकातला उतारा वाचायला सांगितला. मी पहिलाच शब्द ‘प्सायकॉलॉजी’ असा वाचला. स्पेलिंगात पी होता, म्हणून तो उच्चारला. वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण मला ते आठवायचं राहून जातं. तास संपल्यावर मी एसटी स्टँडाजवळच्या टपरीवर गेलो आणि आयुष्यातली पहिली सिगारेट घेतली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत पाणी यायला एक कारण मिळालं, याचंच बरं वाटलं.

पुढं तसंच होत गेलं. मार्क कमी पडले, मेसवर कुणी माझ्या बोलण्याची नक्कल केली, फॉर्म चुकला म्हणून ऑफिसातले साहेब ओरडले, की पाय टपरीकडं वळायचे. आनंदात असताना मला सिगारेटची आठवणही यायची नाही. दुसऱ्या वर्षी मी दोनदा सोडायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा कुणीतरी काहीतरी बोललं आणि मी पुन्हा टपरीवर उभा. आपल्याला हे जमणार नाही, असं मनात पक्कं होऊ लागलं होतं.

त्याच वर्षी मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी व्यसनावर प्रश्नावली भरून आणायची होती. नाताळच्या सुट्टीत ती घेऊन मी गावी आलो. पाटसजवळ आमची वीस गुंठे लिंबाची बाग आहे. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा विडी ओढायचे, त्यामुळं पहिला कागद त्यांचाच. ते बांधावर बसले होते, आई पलीकडं गवत काढत होती.

“ताण आल्यावर धूम्रपान करावेसे वाटते का?” मी वाचलं. “नेहमी, कधीकधी, कधीच नाही.”

“मला कशाला ताण येतोय?” आप्पा म्हणाले. “ताण बागंला दिलाय.”

“तसा ताण न्हाई आप्पा. मनावरचा.”

“मग तसं मराठीत इच्यार की.”

मी कागद खाली ठेवला. “विडी कवा लागते तुम्हाला?”

“लाईट गेली, मोटर बंद पडली की. कुणी वाकडं बोललं की. आन् तुझी आई गप बसली की लईच.”

आई तिथूनच ओरडली, “गप बसले तरी विडी, बोलले तरी विडी. म्हंजी मीच विडी हाय व्हय?”

आप्पा हसले. मी समासात लिहिलं : राग, काळजी, अबोला. मग विचारलं, “आन् आनंदात?”

“तू बारावी पास झालास त्या दिवशी ओढली न्हाई. पेढं वाटत हिंडलो. ध्यानातच आलं न्हाई.”

मी तेही समासात लिहिलं. तेवढ्यात त्यांनीच कागदाकडं बोट केलं. “आता तुझं लिही.”

“माझं काय?”

“कॉलेजची कापडं तुझी आई धुती. त्यांना काय लिंबाचा वास येतो व्हय?”

कान तापले. ते चिडतील असं वाटलं होतं, पण ते वाट बघत बसले. मग मी वर्गातलं हसणं, टपरी, सगळं सांगितलं.

“ओढल्यावर लाज गेली का?”

“जरा वेळ.”

“माझा राग बी जरा वेळच जातो. इतकी वर्सं ओढतोय.”

मग ते उठून एका झाडाशी गेले. बहार धरायचा, म्हणजे झाडं एकदम फुलवायची, तर लिंबाचं पाणी आधी काही दिवस तोडतात, त्याला आमच्याकडं ताण देणं म्हणतात. पानं मलूल होऊन वळली होती, बरीच गळाली होती. “रोज वाटतं, पाणी सोडावं,” आप्पा म्हणाले. “हात शिवशिवतो. पर झाड मरत न्हाई. आपल्याला बघवत न्हाई, एवढंच.”

माणसाला झाडाचा नियम लागू होतो की नाही, मला माहीत नाही. प्रकल्पात मी तसं लिहिलंही नाही. पण शिरूरला परतल्यावर मी एक करून पाहिलं. लाज वाटली की टपरीवर जायचं नाही, खोलीवर बसून ती वाटू द्यायची. पहिल्या वेळी छाती भरून आली, घाम फुटला. थोड्या वेळानं भूक लागली. म्हणजे ते ओसरलं होतं. परीक्षेच्या आठवड्यात दोन ओढल्या, ते लपवत नाही. पण त्यानंतर ‘जमणार नाही’ असं वाटलं नाही.

शेवटी प्रकल्प वर्गासमोर वाचायचा दिवस आला. आप्पांचं नाव न घेता मी त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत वाचलं. ‘ताण बागंला दिलाय’ आलं आणि वर्ग हसला. माझे पाय नेमके दाराकडं वळले. टपरी तिथून पाच मिनिटांवर होती. मी टेबलाची कड धरली आणि थांबलो. लाज पहिल्या वर्षीइतकीच होती, जराही कमी नाही. ती चढली, थांबली आणि मग उतरू लागली. एवढ्या जवळून मी ती कधी पाहिली नव्हती.

हसणं थांबल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, “पण ताण बागेला कसा देतात?”

त्याला खरंच माहीत नव्हतं. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिंबाचं झाड काढू लागलो.