शेवाळी ओरखडा

शेडमामांना शेडमामा का म्हणतात, हे गॅरेजात नव्याने येणाऱ्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते गाड्या रंगवत, म्हणून हे नाव पडलं, असा बहुतेकांचा समज. खरं कारण वेगळं होतं. गाडीच्या रंगाची शेड जुळवावी ती मामांनीच. डब्यातून काढलेला ताजा रंग आणि पाच वर्षं ऊन खाल्लेला रंग यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मामा चार थेंब काळा, एक थेंब निळा असं करत, काठीने ढवळत, तो फरक बुजवत. काम झाल्यावर गाडी कुठे ठोकली होती हे खुद्द गाडीवाल्यालाही बोट ठेवून दाखवता येत नसे. सत्तावन्न वर्षांचे, अंगाने काटकुळे, बोलणं मोजकं. नखांच्या कडांत सदा कुठला ना कुठला रंग. बायको म्हणायची, "आज कोणाची गाडी फुटली ते मला यांच्या नखांवरून कळतं."

त्यांना एकच मुलगी. अर्धांग झालेल्या, हाडं मोडलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांचे हात-पाय पुन्हा चालते करायची. दिवसाला सात-आठ घरं. बसच्या भरवशावर हे जमेना, तेव्हा मामांनी एक जुनी मोटरसायकल मिळवली. चार महिने सुट्टीच्या दिवशी तिच्यावर खपले. रंग कुठला हवा, असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तळ्यातल्या दगडावर शेवाळ असतं ना, तसला. पण चिखल वाटता कामा नये हं."

असा रंग कुठल्या डब्यात मिळत नाही. मामांनी हिरव्यात काळा, काळ्यात किंचित पिवळा आणि शेवटी तांब्याच्या रंगाची चिमूटभर पूड घालून तो बसवला. खाली विटकरी प्रायमर, वर शेवाळी, त्यावर चकाकीचा हात. मुलगी गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली, "बाबा, ही गाडी गर्दीत हरवायची नाही."

दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी दुपारी ती एका आजींच्या व्यायामासाठी गेली. आजी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, खालच्या मजल्यांवर दवाखाने आणि दुकानं. मुलीने मोटरसायकल पांढऱ्या पट्ट्याच्या आत, नीट लावली. तासाभराने खाली आली, तेव्हा गाडी होती तशीच उभी होती. पुढच्या घरी पोचायला उशीर झाला होता. हेल्मेट घालून ती निघाली.

उतारावर समोर एक टेम्पो अचानक थांबला. तिने पुढचा ब्रेक दाबला आणि ब्रेकचा लिव्हर मुळातून तुटून हातात आला. टेम्पोवर आदळू नये म्हणून तिने गाडी बाजूला घातली आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू घालावे लागले.

"हात वाचला," हाडांचे डॉक्टर म्हणाले, "पण पहिल्यासारखा वळेल असं सांगत नाही."

मनगटावरच जिचं पोट, तिला हे सांगितलं गेलं. ती रडली नाही. आई रडली.

मोटरसायकल घरी आणल्यावर मामा तिच्यासमोर उकिडवे बसले. हाताखालून हजारो ठोकलेल्या गाड्या गेलेल्या. कुठली मोडतोड आधीची आणि कुठली नंतरची, हे त्यांना कोणी सांगावं लागत नसे. लिव्हरच्या मुळाशी अर्धी चीर जुनी होती, धुळीने काळवंडलेली. अर्धी ताजी, चकचकीत. टाकीच्या उजव्या बाजूला फरशीच्या काठाची खूण होती, आणि मुलगी पडली होती ती डांबरावर. मग ते डाव्या बाजूला आले. मागच्या पत्र्यावर, बरोबर बंपरच्या उंचीला, अंगठ्याएवढा चंदेरी डाग होता.

"रस्त्यावर पडून चंदेरी रंग लागत नाही," ते बायकोला म्हणाले.

"म्हणजे हो?"

"म्हणजे गाडी उभी असताना कोणीतरी कारने पाडली. पडताना लिव्हर चिरला. मग त्याने ती उचलून स्टँडवर लावली आणि पसार झाला. हिने उभी पाहिली आणि बसली."

त्या दिवसापासून मामांच्या पोटात जे पेटलं ते विझेना. त्या इमारतीच्या वॉचमनने हात झटकले, "माझी ड्युटी नव्हती." कॅमेरा होता, पण त्याचं तोंड दाराकडे. पोलीस ठाण्यातले हवालदार भले होते, पण वैतागलेले. "मामा, तक्रार लिहू कोणाविरुद्ध? चंदेरी रंगाविरुद्ध?" ते म्हणाले. "नाव आणा, मग लिहितो."

मामा रस्त्याने चालताना प्रत्येक चंदेरी गाडीच्या मागे वाकून बघू लागले. एका बाईने त्यांना चोर समजून हटकलंदेखील. मुलगी पलंगावर बसून डाव्या हाताने चमचा धरायला शिकत होती आणि मामा घास गिळता गिळता थांबत. मनातल्या मनात त्यांनी त्या माणसाला दहा वेळा कॉलर धरून ओढलं होतं.

चोविसाव्या दिवशी तो माणूस आपल्या पायाने चालत आला.

गाडी चंदेरी, धुतलेली, आत अत्तराचा वास. मालक दातांचे डॉक्टर. गोरे, गुबगुबीत, हसतमुख. मागच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्यावर वीतभर ओरखडा होता. मामांनी त्यावर नख फिरवलं. नखात जो कण आला, तो वर शेवाळी होता, खाली विटकरी.

मामांचे कान तापले. पण आवाज त्यांनी खालीच ठेवला. "कुठे लागलं, डॉक्टरसाहेब?"

"अहो, आमच्या क्लिनिकखाली या बाइकवाल्यांनी नुसता उच्छाद मांडलाय. रिव्हर्स घेत होतो, फोन आला, तेवढ्यात धप्प! पडली एक. पण मी उचलून उभी केली हं. माणुसकी म्हणून." डॉक्टर हसले. "एवढं करतो कोण हल्ली?"

"खरंय," मामा म्हणाले. "कोणीच नाही करत."

गाडी तीन दिवस शेडमध्ये राहिली. पहिल्या दिवशी मामांनी तिला हात लावला नाही. समोर स्टुलावर बसून राहिले. ब्रेकच्या नळीला जरा ढिलं करायला पाच मिनिटं पुरली असती. तो विचार आला आणि त्यांना आपलीच शिसारी आली. ब्रेक लागले नाहीत तर मरेल कोण? रस्त्यावरची दुसऱ्या कोणाची तरी मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले ते डोक्यात सगळं ठरवूनच.

चंदेरी रंग महाखट्याळ. ट्यूबलाइटखाली एक दिसतो, उन्हात दुसरा. हा खोडसाळपणा मारण्यात मामांची तीस वर्षं गेली होती. या वेळी त्यांनी तो जोपासला. काळ्याऐवजी दुसराच एक काळा, निळ्याऐवजी जरा हिरवट निळा. शेडमधल्या दिव्याखाली बंपर असा जुळला की सांधा सापडू नये. उन्हात मात्र तोच बंपर शिळ्या पाण्यासारखा हिरवट मारणार होता. आयुष्यात एवढं मन लावून त्यांनी कुठलंच काम केलं नव्हतं. ओरखड्याचा एक कण त्यांनी काडेपेटीत जपून ठेवला, आणि घासण्याआधी बंपरचे चार फोटो काढले, नंबरसकट.

डॉक्टर संध्याकाळी गाडी न्यायला आले. दिव्याखाली बंपरवर हात फिरवून खूश झाले. "मामा, तुमच्या हातात जादू आहे!"

दुसऱ्या दिवशी साडेदहाला जादू परत आली.

"मामा, हा बंपर वेगळा दिसतोय!"

"आणा आत." आत आणली. "दाखवा, कुठे?"

डॉक्टर वाकले, चष्मा वर केला, खाली केला. "इथे तर... बरोबर वाटतंय."

"मग?"

ते गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आले, या वेळी बायकोला घेऊन. तिने बाहेरूनच सांगितलं, "हिरवा आहे." आत आल्यावर तिलाही फरक सापडेना. रात्री झोप लागत नाही, असं डॉक्टर बोलून गेले तेव्हा मामांच्या छातीत गार वारा सुटला. त्यांच्या घरातही महिनाभर कोणी धड झोपलं नव्हतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांचा तोल सुटला. भर दुपारी गॅरेजच्या दारात गाडी लावून ते ओरडू लागले, "मी दिवसभर दातांच्या शेड जुळवतो! मला शिकवता? तुम्ही मला उल्लू बनवताय!"

आवाज ऐकून गॅरेजचे मालक धावत आले, पाठोपाठ कामावरची पोरं. उन्हात बंपर पाहून ते चपापले. "मामा, हे काय? तुमच्या हातून?"

"माझ्याच हातून," मामा म्हणाले. "आणि मुद्दाम."

ते आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा घेऊन आले. मुलीच्या मोटरसायकलचा डावीकडचा. तो त्यांनी बंपरच्या कोपऱ्याला टेकवला. उंचीला उंची लागली. मग काडेपेटी उघडून तो कण पत्र्यावर ठेवला. रंगात रंग मिसळून गेला.

"हा रंग बाजारात मिळत नाही, डॉक्टर. मी केलाय. जगात एकाच गाडीला आहे. ती तुम्ही पाडलीत."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "पण... मी ती उभी करून ठेवली होती!"

"तेच तर!" मामांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पडलेली सोडली असतीत तर ती थांबली असती, बघितली असती, ढकलत इथे आणली असती. तुम्ही उभी केलीत. तुटका ब्रेक झाकून ठेवलात. माझ्या मुलीच्या हातात सहा स्क्रू आहेत."

मग डॉक्टर पुटपुटले, "जे काही नुकसान असेल, ते मी भरून..."

"मला काही नको. तिच्यासमोर या आणि स्वतःच्या तोंडाने सांगा. नाहीतर फिरा याच बंपरने. या भागात हा रंग दुसरं कोण जुळवतं ते मीही बघतो."

रविवारी सकाळी डॉक्टर आले. फळांची पिशवी घेऊन. मामांच्या बायकोने ती दारातच ठेवून घेतली, आत नेली नाही. मुलगी खुर्चीत बसली होती, हात गळ्यात बांधलेला. डॉक्टरांनी घसा खाकरत सगळं सांगितलं. फोन आला होता, पेशंट वाट बघत होता, लक्षात आलं नाही, वाईट वाटतं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग डाव्या हाताने वही पुढे सरकवली.

"गाडी पाडलीत तेव्हा तिच्यावर एक चिठ्ठी ठेवायला हवी होती. ती आता लिहा."

"आता?"

"हो. दिवस, वेळ, कशी पाडलीत, कशी उभी केलीत. खाली नाव, पत्ता, गाडीचा नंबर. मला वाचून मोकळं वाटेल."

डॉक्टरांना ते स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी पानभर लिहिलं, सही केली आणि वर मन हलकं झाल्याचंही म्हणाले. ते जिना उतरल्यावर मुलगी उठली आणि पायांत चपला सरकवू लागली.

"कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"पोलीस ठाण्यात. हवालदारांना नाव हवं होतं ना? सहीनिशी आणलंय."

मामा तिच्याकडे बघत राहिले. पोरगी आपल्यापेक्षा चार पावलं पुढची निघाली, हे त्यांना त्या क्षणी कळलं. काडेपेटी खिशात टाकून ते तिच्याबरोबर निघाले.

चिठ्ठी, काडेपेटी, फोटो, पत्रा, सगळं जमा झालं. डॉक्टरांनी वकील लावला, चिठ्ठी दबावाखाली लिहून घेतली असं सांगून पाहिलं. पण गॅरेजच्या दारातलं त्यांचं "मी उभी करून ठेवली होती" सहा माणसांनी ऐकलं होतं. शेवटी त्यांना दोष मान्य करावा लागला आणि गाडी चालवण्याचा परवाना वर्षभरासाठी गेला.

मामांनाही त्याची किंमत मोजावी लागली. मालकांनी एके दिवशी त्यांना समोर बसवलं. "मामा, तुमच्या जागी मी असतो तर त्याचं थोबाड फोडलं असतं. पण गिऱ्हाइकाच्या गाडीत मुद्दाम खोट? उद्या इथे कोण विश्वासाने गाडी सोडेल? बंपर नीट करून द्या, एवढंच म्हणतो. गॅरेजचं नाव आहे."

"तीस वर्षं लोकांच्या चुका रंगवून झाकल्या, मालक," मामा म्हणाले. "ही एक नाही झाकणार."

दोघांनाही एकमेकांचं म्हणणं पटत होतं, आणि तरी मार्ग निघेना. मामांनी आपली स्प्रे गन, चाळण्या आणि ढवळायच्या काठ्या पिशवीत भरल्या. आता ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका लहान गॅरेजात काम करतात. तिथे शेड नाही, उघड्यावरच रंगवावं लागतं.

मुलीचं मनगट बारा आणे वळतं. जड पेशंटना आता ती उचलत नाही. मनगट मोडलेल्यांना मात्र खास तिच्याकडेच पाठवतात, कारण कुठे खरंच दुखतंय आणि कुठे पेशंट उगाच कण्हतोय, हे तिला बरोबर कळतं.

डॉक्टरांनी आणखी दोन ठिकाणी बंपर रंगवून घेतला. एकाकडे निळसर झाला, दुसऱ्याकडे पिवळट. मग नाद सोडला. परवाना नसल्याने गाडी क्लिनिकखाली धूळ खात उभी असते. मामा कधीकधी मुद्दाम बस बदलून त्या रस्त्याने जातात. समोरच्या फुटपाथवर, भर उन्हात, दोन मिनिटं थांबून तो बंपर बघतात. बायको म्हणते, "अहो, पुरे झालं आता, सोडा." मामा मान डोलावतात, आणि त्या दिवशी एक पोळी जास्त खातात.