एकाच्या पोटात सहा

त्या सोमवारची गोष्ट निघाली की माझी बायको निमूटपणे चहाचं आधण ठेवते. आता हा माणूस अर्धा तास थांबत नाही, हे तिला ठाऊक असतं. पाहुणे नवे असले तर मी उभं राहून, हातवारे करून सांगतो. तुम्ही वाचताय, म्हणून बसून सांगतो.

दोन हजारच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रपूजन असतं. रायफली टेबलावर ओळीने मांडलेल्या, वर झेंडूचे हार, आणि प्रत्येकीच्या कपाळाला हळदकुंकू. रायफलीचं कपाळ कुठे असतं हे विचारू नका, दरवर्षी त्यावर ठाण्यात वाद होतो. आरती झाली, मी पेढा तोंडात टाकणार, इतक्यात एक गृहस्थ तीरासारखे आत शिरले.

"साहेब, माझे सहा सर्व्हर गेले."

हे द्राक्षांचे निर्यातदार. वसाहतीत ऑफिस आणि मागे गोदाम, दिंडोरीला माल पेट्यांत भरायचं पॅकहाऊस. द्राक्षं नसतील तेव्हा टोमॅटो. सगळे त्यांना शेठ म्हणत, आपणही तेच म्हणू. सर्व्हर म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची माहिती सांभाळणारं मोठं मशीन, एवढं मला माहीत होतं. शेठच्या सहा मशीनमध्ये दिंडोरी तालुक्यातल्या त्यांच्या प्रत्येक बागायतदाराची नोंद होती. कुठल्या प्लॉटवर कुठलं औषध कधी मारलं, हे दाखवल्याशिवाय परदेशात एक पेटी उतरत नाही.

"संशय कुणावर?"

"संशय कसला, खात्री आहे. आमचा कॉम्प्युटरवाला. अकरा वर्षं पगार खाल्ला आणि माझी माहिती दुसऱ्या निर्यातदाराला विकली. साहेब, आजच उचला त्याला. बेड्या घालून माझ्या ऑफिससमोरून न्या. सगळ्यांनी बघू दे."

शेठ बोलत असतानाच फोन वाजला. कंपनीच्या मागच्या गल्लीतल्या टपरीवरचा चहावाला होता. तो आमचा जुना खबऱ्या, आणि त्याची खबर आजवर खोटी निघाली नव्हती. तो म्हणाला, "साहेब, शनिवारी संध्याकाळी कॉम्प्युटरवाल्या साहेबांनी सहा काळी खोकी स्वतःच्या हातांनी मागच्या दारात आणून ठेवली. मग टेम्पो आला आणि ताडपत्री टाकून घेऊन गेला."

आता सांगा, यापेक्षा सरळ केस असते का? फिर्यादी दारात, साक्षीदार फोनवर, आरोपी हाकेच्या अंतरावर. पेढासुद्धा हातातच. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि त्या माणसाला बोलावून घेतलं.

चाळिशीचा, चष्मा लावलेला, खिशाला दोन पेनं. स्वतःच्या स्कूटरवर आला. चौकशीत माझी एक रीत होती. समोरच्याला आधी चहा द्यायचा आणि कपाकडे बघत बसायचं. सराईत माणूस चहा चवीने पितो. नवशिका चोर घटाघट पितो. ज्याने काही केलेलं नसतं, तो चहाच विसरतो. याच्या चहावर साय धरली.

"सर्व्हर कुठे आहेत?"

"ऑफिसात आहेत, सर."

"किती?"

"सहा."

"आणि मशीन किती?"

"एक."

मी आमच्या हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी छताकडे पाहिलं.

"म्हणजे पाच गेली?"

"नाही सर, मशीन सहाही गेली. सर्व्हर सहाही आहेत. त्या एका नव्या मशीनच्या आत."

शेठ खुर्चीतून उठले. "बघा साहेब. तुमच्यासमोर हा असं बोलतो, मग माझ्यामागे काय करत असेल?"

"शेठ, मी तुम्हाला पत्र दिलं होतं. तुम्ही सही केलीत."

"इंग्रजीत दिलं होतंस. छाटणीच्या गडबडीत बागेत उभं राहून सही केली मी. मला वाटलं, सातवं मशीन घेतोयस."

त्या माणसाने चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे वळला. "सर, माझी बायको याच वसाहतीतल्या शाळेत शिकवते. ऑफिसातल्या लोकांची निम्मी मुलं तिच्या वर्गात आहेत. मला बेड्या घालून तिथून नेलंत, तर उद्या ती फळ्यासमोर उभी कशी राहील? आधी एकदा येऊन बघा. खोटं निघालं तर मी स्वतः जीपमध्ये बसतो."

खोटं बोलणारा माणूस सहसा जागेवर चला म्हणत नाही. मी टोपी उचलली.

ऑफिसात पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबलो. सगळं चालू होतं. टाइपिंगची टकटक, प्रिंटरमधून बिलं बाहेर पडतायत, एक बाई परदेशातून आलेलं पत्र पडद्यावर वाचतायत.

"शेठ, सर्व्हर शनिवारी गेले ना?"

"हो."

"मग हे कशावर चाललंय?"

शेठ क्षणभर गडबडले, पण हरणाऱ्यांपैकी नव्हते. म्हणाले, "कोंबडीचं मुंडकं उडवलं तरी ती थोडा वेळ पळते, साहेब."

"दीड दिवस?"

मी म्हणालो, "असं करू. फक्त तुम्हालाच पाठ असेल असं काहीतरी विचारा. या बाईंना सापडतं का बघू."

शेठनी डोळे बारीक केले. "माझ्या सासऱ्यांचा ओढ्याकाठचा प्लॉट. गेल्या वर्षी पावसाने फवारणी वाया गेली, परत मारावी लागली. तारीख काढा."

बाईंनी चार कळा दाबल्या. पडद्यावर तारीख, औषधाचं नाव आणि शेरा: पावसामुळे पुन्हा. शेठ पुढे वाकले, चष्म्याशिवाय वाचता येईना म्हणून मागे झाले, आणि पुन्हा पुढे वाकले. सासऱ्यांचा प्लॉट कुठल्याही मशीनच्या पोटात ठेवला तरी ओळखू येतो.

मग त्या माणसाने आम्हाला काचेच्या खोलीत नेलं. थंडगार खोली, लोखंडी मांडणी, आणि तिच्यावर एकच मशीन हिरवे दिवे लुकलुकवत बसलेलं. तो सांगू लागला. जुनी सहा मशीन दिवसभर निम्मी रिकामीच बसायची, वीज मात्र सहांची खायची, आणि गरम होऊन महिन्यातून एकदा तरी एखादं बंद पडायचं. म्हणून त्याने एक दणकट मशीन घेतलं आणि सहाही सर्व्हर, म्हणजे खोकी वगळून आतला सगळा कारभार, होते तसे, त्याच्या आत वेगवेगळे बसवले. एकाला दुसऱ्याचं काही दिसत नाही. एक बंद पडला तर बाकीचे पाच चालू राहतात. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात.

मी गंभीरपणे मान हलवली. गणवेशात असताना समजलं नाही असं म्हणता येत नाही.

वाचवलं आमच्या हवालदारांनी. ते रामकुंडाजवळ वाढलेले. म्हणाले, "साहेब, हे आमच्या आळीतल्या गुरुजींसारखं आहे. गुरुजी एक, घर एक. पण यजमानांच्या वंशावळीची वही प्रत्येक गावची वेगळी. ह्या गावचा यजमान आला की त्याचीच वही उघडते, दुसऱ्याचे पूर्वज त्याला दिसत नाहीत."

कॉम्प्युटरवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "हवालदारसाहेब, हे मला महिन्याभरापूर्वी सुचलं असतं तर मी पत्र मराठीत लिहिलं असतं."

शेठ मात्र व्यापारी होते. "बरं, माहिती आहे. मान्य. मग सहा खोकी कुठायत? ती तर विकलीच ना?"

खबऱ्याची खबर अजून उभीच होती. त्या माणसाने काही नाकारलं नाही. खोकी त्यानेच काढली होती. स्टोअरला कुलूप होतं, म्हणून मागच्या दाराच्या पॅसेजमध्ये रचली आणि घरी गेला. आज सकाळी पाहतो तर नाहीत.

आम्ही मागच्या दाराशी गेलो. तिथे वॉचमन बाबा स्टुलावर बसून तंबाखू मळत होते. मी विचारलं, "बाबा, शनिवारी इथून काही गेलं का?"

"गेलं ना. दर शनिवारी जातं. टोमॅटोचे रिकामे क्रेट."

"आणि काळी खोकी?"

"ती बी गेली. मागच्या दारात जे ठेवलं ते टेम्पोत घालायचं, अशी पद्धत हाय आपल्याकडं. सगळं दिंडोरीला जातं."

शेठ ओरडले, "मग बोलला का नाहीस?"

बाबांनी तंबाखू ओठात ठेवली. "मला कुणी विचारलंच नाय."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. निम्म्या केसेस याच वाक्यावर सुटतात, आणि उरलेल्या निम्म्या याच्याचमुळे सुटत नाहीत.

जीप काढली. पुढे मी, मागे शेठ, हवालदार आणि बाजूला संशयित. मोकळ्या हातांनी. दिंडोरी रस्त्याला दोन्हीकडे छाटणी झालेल्या बागा उघड्याबोडक्या उभ्या होत्या. टेम्पो वाटेतच कुठे रिकामा झाला असेल तर? तो माणूस रस्त्याकडे न बघता सारखा स्वतःच्या मनगटांकडे बघत होता.

पॅकहाऊसवर पोचलो तर आत घंटा वाजत होती.

तिथे खंडेनवमीची पूजा मांडलेली. छाटणीच्या कात्र्या, फवारणीचे पंप, वजनकाटे. आणि मधोमध, रांगोळीच्या चौकटीत, सहा काळी मशीन. प्रत्येकावर झेंडूचा हार, प्रत्येकावर हळदकुंकू, समोर नारळ. माझ्या रायफलींची मांडणी एवढी देखणी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पॅकिंगच्या बायकांची मुकादम, जिला सगळे मावशी म्हणत, पुढे आली. "या शेठ, बरं झालं आलात. दरवर्षी गोदामातला काटा धाडता पूजेला, औंदा ह्या बी धाडल्या. लय भारी मशीनी दिसतात, म्हून मधी मांडल्या."

मी खाकरलो आणि म्हणालो, "मावशी, ही मशीन आम्हाला न्यायचीत."

"आज? पुजलेलं दसऱ्यापर्यंत हलवत नसतात, साहेब. तुमच्या बंदुका उचलल्या का तुम्ही आज?"

माझ्या कपाळावर सकाळचं कुंकू अजून तसंच होतं. मी बूट काढून बाजूला उभा राहिलो.

"आरती राहिलीय," मावशी ताम्हन उचलत म्हणाली. "काट्याची काट्यावाला करतो, कात्रीची कात्रीवाला. ह्या मशीनी चालवतं कोण?"

सगळे शेठकडे बघायला लागले. सकाळी बेड्या मागणाऱ्या त्या माणसाने खाली पाहिलं, मग बाजूला सरकून वाट करून दिली. "हे चालवतात," ते म्हणाले. अकरा वर्षांत शेठनी त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं असावं, कारण चष्म्याआडचे डोळे एकदम भरून आले. शेठनी स्वतः मावशीच्या हातातलं ताम्हन घेऊन त्याच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाले, "चुकलं माझं."

त्याने आरती ओवाळली. मध्येच माझ्याकडे झुकून कुजबुजला, "सर, आत काहीच नाहीये हो यांच्या."

"मावशींना सांगू नका," मी म्हणालो.

ठाण्यात परतल्यावर डायरीत शेवटची नोंद मीच लिहिली: चौकशीअंती गुन्हा घडल्याचे दिसून येत नाही. वस्तू पॅकहाऊसवर पूजेत आढळल्या. धार्मिक कारणास्तव दसऱ्यापर्यंत जागेवर ठेवल्या. वरिष्ठांनी खाली लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं, ते अजून त्या वहीत असेल.

त्या दिवसापासून मी एक शिकलो. कुणी येऊन म्हणालं, पेटी गेली, तर मी आधी विचारायचो, पेटीत काय होतं, आणि ते आता कुठे आहे? खोक्यांमागे धावताना चांगल्या माणसाच्या हातात बेडी पडायला फार वेळ लागत नाही. माझ्या हातून त्या दिवशी ती पडणार होती, थोडक्यात राहिली.

निवृत्त झाल्यावर एकदा खंडेनवमीला त्या पॅकहाऊसवर गेलो होतो. सहाही खोकी तिथेच होती, घासूनपुसून, हार घालून. शेठनी भंगारात द्यायचं म्हटलं तर मावशीने देऊ दिलं नाही. आरती चष्मेवाला करत होता. शेजारी त्याची बायको उभी होती, आणि शाळेतली चारपाच मुलं तिच्या पदराशी, पेढ्याची वाट बघत.