बयाआत्या आणि हाडांचा करार

माझी आत्या बयाबाई सांगलीच्या मिशनची बायबलबाई. पिशवीत शास्त्र घालून कृष्णाकाठची खेडी पायी तुडवायची, बायकांना वाचून दाखवायची. रीत ठरलेली. जुन्या करारातलं संदेष्ट्यांचं भविष्य आधी वाचायचं, मग नव्या करारातलं पान काढून ते ख्रिस्तात कसं पुरं झालं ते दाखवायचं. "बोललं तसं झालं का न्हाई?" असं विचारताना तिला भलताच जोर चढायचा. बायका मान डोलवायच्या नि शेणी थापायला निघून जायच्या. बारा वर्षांत तिच्या शब्दानं एकही माणूस प्रभूकडं आलं नाही. हे तिला लय लागायचं.

त्रेचाळीस साली, महायुद्ध चालू असताना, राहीबाई नावाच्या विधवेचा एकुलता एक पोरगा मानसिंग फौजेतून रजेवर आला. बेळगावकडचा मामा म्हणत होता, परत जाऊ नको, मी लपवतो. पोरगाही कंटाळलेला. "आई, तू म्हणशील तसं," म्हणाला. राहीबाईचा जीव टांगणीला लागला, आणि त्याच दुपारी ती आत्यापुढं येऊन बसली.

त्या दिवशी पान निघालं हाडांचं. देव आपल्या माणसाची हाडं राखतो, एकही मोडू देत नाही, असं जुन्यात स्तोत्र आहे. नव्यात आहे की वधस्तंभावरच्या बाकी दोघांचे पाय शिपायांनी मोडले, येशूचे मोडले नाहीत.

"शिपायांच्या तावडीत ऱ्हाऊन बी?" राहीबाईनं विचारलं.

"व्हय."

"आन् ह्यो करार हाय? लिवल्याला?"

"लिवल्याला हाय. जुना बी, नवा बी."

आमच्याकडं करार म्हणजे स्टँपावर अंगठा उठवलेला, मोडला तर कोर्टात खेचता येतो असा. राहीबाईनं तोच धरला, आणि आपल्या पोराच्या नावानं धरला. आत्याला हे कळलं होतं, माझा राग त्याचाच आहे. अगं, हे ख्रिस्ताबद्दल आहे, तुझ्या मानसिंगाबद्दल नाही, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण पहिल्यांदाच कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून शेवटपर्यंत ऐकलं होतं. आत्या मूग गिळून गप्प बसली. दुसऱ्या दिवशी मानसिंग आईच्या पाया पडून पलटणीत गेला.

पुढच्या साली इटलीहून त्याच्या जोडीदाराचं पत्र आलं. वाचायला आत्याच. तोफगोळा थेट अंगावर पडला, पुरायलासुद्धा काही राहिलं नाही, असं लिहिलं होतं. आत्यानं पोरगा गेला एवढंच सांगितलं. राहीबाई भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "आवं बाई, हाडं तरी शाबूत असतील न्हवं? करार हाय त्यो."

आत्या म्हणाली, "हायती."

तेवढ्यावर राहीबाईनं बाप्तिस्मा घेतला. माझं सगळं गेलं, पण देवानं शब्द पाळला, असं ती ज्याला त्याला सांगायची. पाळकांनी आत्याचं कौतुक केलं. आत्या त्या रविवारी तापाचं निमित्त करून घरीच पडून राहिली.

मी तिला फाडफाड बोलले. "खोट्यावर उभा केलेला कसला गं विश्वास? जाऊन सांगून टाक." मला वाईटही वाटत होतं, पण जिभेला हाड नसतं. एके दिवशी ती खरंच गेली. दिवे लागायच्या आत परत आली आणि उंबऱ्यातच बसली.

"सांगितलंस?"

"न्हाई गं. माझा हात धरून म्हणाली, तुमी नसता तर मी पोराला जाऊच दिलं नसतं, मग मला देव कसा गावला असता?"