आवडून घेणारी नलिनी

नलिनी गेल्याची बातमी आली तेव्हा मी माळ्यावर आंब्यांची अढी लावत होते. खालून यांची हाक आली, सिव्हिल हॉस्पिटलातून माणूस आलाय, नलिनी गेली. हातातले आंबे गवतावर तसेच टाकून मी खाली आले आणि पडवीत जमलेल्या माणसांसमोर माझ्या तोंडून निघालं, "आता वर जाऊन तिथलं कौतुक सुरू केलं असेल तिनं." कुणी हसलं नाही. मीही विनोद केला नव्हता. महिला मंडळातल्या बायका आता म्हणतायत, तुमची सख्खी जाऊ, तुम्ही वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी चार चांगले शब्द लिहा. चांगले शब्द मी कुठून आणू? घरातले होते नव्हते तेवढे तिनंच वापरून संपवले.

ती आली ऐंशी सालच्या आसपास, आफ्रिकेतल्या दार-ए-सलामहून. जन्म तिथला, शाळा तिथली, लग्न तिथेच नोकरीला गेलेल्या माझ्या धाकट्या दिराशी. दिरांची नोकरी सुटली, दुसरी मिळेना, म्हणून बायको आणि लहानग्या वीणाला घेऊन ते आमच्या वाडीत परत आले. त्यांच्यासाठी ते परत येणं होतं. नलिनीसाठी हा परका देश. तिचं मराठी आईबापांकडून शिकलेलं, जुन्या वळणाचं, मधेच एखादा तिकडचा शब्द. मला वाटलं होतं, बिचारी पहिले सहा महिने रडेल. मी समजूत घालायची तयारीसुद्धा ठेवली होती. आणि ही बाई पहिल्याच दिवशी घरापुढच्या खळ्यात चपला काढून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, काय सुंदर जमीन आहे! पायाला थंड लागते. हे कोण करतं?" मी करते, म्हटलं. शेणात हात घालून, कमरेचा काटा ढिला होईस्तोवर. "किती भाग्यवान तुम्ही," म्हणाली.

त्या दिवसापासून मी तिच्यावर जळले. लोकांना वाटतं जावाजावांचं दागिन्यांवरून, वाटणीवरून बिनसतं. आमचं तिच्या आनंदावरून बिनसलं. मी पहाटे उठून चूल पेटवावी आणि हिनं डोळे चोळत यावं, "अहाहा, धुराचा वास!" मी वाळक्या पानांचा पातेरा झाडून ढीग करावा आणि हिनं वीणाला घेऊन त्यात पाय बुडवून चालावं, कसा करकर वाजतो बघ म्हणून. एस.टी.चा हॉर्न वाजला की बाहेर, फणस कापला की हात चिकट करून घ्यायला पुढे. तेल लावायला सांगितलं तर म्हणे, नको, चिकट राहू दे, गंमत आहे. वीस वर्षं मी जे मुकाट्यानं उपसत होते, ते या बाईनं येऊन गंमत करून टाकलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हिला डोंगरावर उभं राहून साजरे दिसत होते!

इतकंच असतं तर मी गप्प बसले असते. पण तिनं माझा पंप घालवला. आमच्या वाडीत वीज आली त्याला तेव्हा वर्ष होत होतं. माडा-पोफळीच्या आगराला पाणी गडी लावत, पण घरचं सगळं पाणी बायकांनी ओढायचं. आंघोळी, धुणी, भांडी, दोन गुरं. माझे खांदे रात्री उशीवर टेकवत नव्हते. मी मामंजींच्या मागे लागून लागून विहिरीवर पंप बसवायचं कबूल करून घेतलं होतं. रत्नागिरीहून माणूस येऊन विहीर बघूनही गेला होता. आणि एके रात्री पानावर बसल्या बसल्या नलिनी म्हणाली, "मामंजी, आज मी रहाट ओढला. काय छान आवाज येतो हो त्याचा! तिकडे नळ सोडला की पाणी. त्यात काय मजा?" मामंजींनी भात कालवायचा थांबवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंस गो? नळाखाली वाढलेली पोर काय म्हणत्ये ती! आणि तुला पंप हवा." झालं. पंपाचे पैसे पोफळीच्या नव्या रोपांना गेले. मी ताटावरून उठले ती थेट विहिरीवर गेले, कारण भांड्यांना पाणी नव्हतं.

खोटं कशाला बोलू, ती मदत करायची. सुरुवातीला चार पोहरे ओढून फुलपाखरू दिसलं की पळायची, पण पुढेपुढे अर्धं पाणी तीच ओढत होती. रहाटाला 'पोले, पोले' म्हणायची; त्यांच्याकडे हळूहळूला तसं म्हणतात. हातांना फोड आले तरी तोंड हसतं. ते हसतं तोंड बघून मला अंगणातला दगड उचलावासा वाटे. तीन उन्हाळे असे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी खोल गेलं होतं. घरात पाहुणे. भर दुपारी दोर तुटला, पोहरा आत गेला, आणि माझ्या तळहाताची सालं निघाली. ती धावत आली, हात बघितला आणि सवयीनं म्हणाली, "तरी बरं, सावली आहे इथे..." मग मी तोंड सोडलं. म्हटलं, "तुझ्या त्या एका वाक्यापायी मी तीन वर्षं मरत्ये इथे. तुला गंमत वाटत्ये, मला फाशी वाटतो हा दोर. माझा पंप खाल्लास तू."

तिनं हातातली रिकामी कळशी खाली ठेवली. हसणं कुठे गेलं कोण जाणे. म्हणाली, "वहिनी, मला यातलं काही आवडत नाही. धुरानं डोळे जळतात. रात्री पालींची भीती वाटते. वीणा रोज विचारायची, आई, घरी कधी जायचं? घर कुठे होतं आमचं? तिकडे काही उरलं नव्हतं. मी रडले असते तर पोर कायमची रडत राहिली असती. म्हणून मी रोज उठून ठरवते, आज काय आवडून घ्यायचं. तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलते. आता ती विचारत नाही."

इथे वाचणाऱ्यांना तिची दया येईल. मला नाही आली. मी म्हटलं, "पोरीसाठी आवडून घ्यायचं तर तुझ्या वाट्याचं आवडून घ्यायचंस. माझ्या वाट्याचं कशाला घेतलंस?" ती विहिरीवर वाकली आणि आत पडलेला पोहरा कुठे दिसतो का ते शोधायला लागली.

त्या रात्री सगळे पानावर असताना ती बोलली, "मामंजी, माझ्याच्यानं पाणी ओढवत नाही. रहाट मला मुळीच आवडत नाही. मी तेव्हा खोटं बोलले. पंप बसवा." मामंजी म्हणाले, बसवू. पण मी वीणाकडे बघत होते. पोरीचा घास हातातच राहिला. "आई, मग बाकीचं? तेही खोटं?" नलिनी म्हणाली, "विहीर खोटी. बाकीचं... बाकीचं नाही गो." पोरीचा विश्वास बसला नाही. पुढे कितीतरी दिवस आई काही वाखाणायला लागली की ती आधी आईचा चेहरा निरखून बघायची. तीन वर्षं एकेक काडी जमवून बांधलेलं घरटं नलिनीनं माझ्यासाठी एका वाक्यात विस्कटलं. हे मला तेव्हाही कळलं होतं, पण मी आभार मानले नाहीत.

मानणार कशी? पंप बसला आणि वाडीभर झालं, धाकटीनं पंप आणला! आयत्या पिठावर रेघोट्या. आणि पंप सुरू झाल्यावर ही बटणापाशी उभी राहून म्हणते कशी, "वहिनी, बटण दाबलं की पाणी! काय मजा आहे!" मी तिला तिथेच बुडवणार होते.

शेवटी मी तिला हॉस्पिटलात भेटले. पोटाचं दुखणं, अंगावर मांस उरलं नव्हतं. खिडकीतून वारा छान येतो, आया फार प्रेमळ आहे, हे सगळं म्हणून झालं. मग डोळे मिटून म्हणाली, "वहिनी, आज तुम्ही सांगा ना काहीतरी. मला सुचत नाहीये." मी म्हटलं, "मला नाही जमत. मला काही आवडत नाही." "मी तरी कुठे आवडते तुम्हाला," ती म्हणाली. "नाहीच आवडत," मी म्हटलं. ती हसली. इतकी हसली की आया रागावली. आठ वर्षांत तिच्याशी बोललेलं माझं हे एकच वाक्य तिनं मनापासून आवडून घेतलं असावं.

तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि घरातलीच माणसं पहिल्यांदा एकत्र जेवायला बसली. रोज पहिल्या घासाला नलिनीचं काहीतरी असायचं. भात मोकळा झालाय, लोणचं मुरलंय. त्या दिवशी सगळे पानाकडे बघत गप्प. वीणा आता चांगली चौदा वर्षांची, पण दोन दिवस धड जेवली नव्हती. कुणीतरी काहीतरी बोलणं भाग होतं, आणि दीर बोलतील अशा अवस्थेत नव्हते. मी घसा खाकरला. म्हटलं, "कुळथाची पिठी बरी झाल्ये आज."

पोरीनं मान वर केली. तिच्या आईचा चेहरा निरखायची तशीच माझा निरखत राहिली. "काकी, खरंच आवडली तुला?"

"नाही," मी म्हटलं. "मीठ जास्त पडलंय. जेव."

तिनं एक घास घेतला, तोंड वाकडं केलं. "खूपच जास्त पडलंय गो," म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.